सत्ताविसावी मागणी

कारंजा लाड, ३ डिसेंबर

चि. उज्ज्वला हिस, भागिरथा आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून कागद धाडून राह्यली म्हणून हसू नको. डाळ मिल सुरू असली की फोनवर आपलाच आवाज आपल्याले ऐकू येत नाही.

आपल्या व्यापारी संघाची केंद्र सरकारकडच्या मागण्यांची यादी तुह्या दिल्लीच्या महासंघाकडं काल रवाना झाली. चांगल्या एकतीस मागण्या हायत. पहिलीच विमानतळाची! तुरीची मागणी आमी सत्ताविसावी ठेवली, मुद्दाम. ज्या ढिगावर डोळा असन त्याच्याकडं पाठ करून उभं राहावं, हे तुह्या आजोबानं मले बाजारात शिकवलं. गरज दिसली की भाव गेला. सरकारनं विमानतळ कापावा, आमी हळहळल्यासारखं करावं अन् तूर पदरात पाडून घ्यावी, असा आमच्या अध्यक्षांचा, लखीरामभाऊंचा, डाव हाय.

तुले ठाऊकच हाय, दोन वर्षं झाली, मी जानेवारीत इथली तूर भरून ठेवते अन् मागून सरकार बाहेरच्या तुरीले दार उघडते. भाव पडते, माहा माल तसाच बसते. आणा ना बापा, पण काय करणार ते पेरणीच्या आधी सांगा, एवढंच मागणं. यंदाही असंच झालं तर मिल विकाची. अकोल्याचं गिऱ्हाईक मशीन पाहून गेलं. माह्याकडं कामाले अकरा बाया हायत, त्यांचं काय करू ते सुचत नाही. दादाले इतक्यात सांगू नको.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आत्या, भागिरथा

नवी दिल्ली, ८ डिसेंबर

ती. आत्यास, उज्ज्वलाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग कपाळावर हात मारला. अगं आत्या, इथे सौदा होत नसतो! साडेतीनशे गावांच्या याद्या येतात. प्रत्येक गावाच्या पहिल्या तीन मागण्या तक्त्यात चढतात आणि तेवढाच तक्ता मंत्रालयात जातो. बाकीचे कागद कपाटात. तो तक्ता मीच भरते. कारंज्यापुढे मी काल विमानतळ, मोठ्या रुळांची रेल्वे आणि शीतगृह लिहिलं. विमानातून उतरणार कोण, लखीरामकाका?

आणि मिल विकायची गोष्ट अशी बाजारहाट सांगितल्यासारखी लिहितेस? त्या मिलच्या घरघरीत मी लहानाची मोठी झाले. बाबांना नाही सांगत, पण मला राग आलाय.

रागावले तरी तुझीच,
उज्ज्वला

कारंजा लाड, १३ डिसेंबर

चि. उज्ज्वला हिस आशीर्वाद. वि. वि.

अवं माय, हे तर आमी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला! पण तक्ता तूच भरतं ना? मग विमानतळ खोड, तिथं तूर लिही अन् मोकळी हो. कोणाले कळते? संघात पुन्हा उठून बोलाचं म्हणजे माही मिल बुडून राह्यली हे चारचौघांत सांगाचं. मंग उद्या मले उधारीवर कोणी पोतं तरी देईन का? सामनेच मेहबूबभाईची मिल हाय, दिवाळीले त्यानं नवा रंग मारला. त्याच्यासमोर मी रडू?

तुले मी पोरीसारखी वाढवली. एक ओळ हलवाची, बस.

भागिरथा आत्या

नवी दिल्ली, १७ डिसेंबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

नाही हलवणार. तुझं पत्र चार वेळा वाचलं, रडले, पण नाही. आज तुझी ओळ हलवली तर उद्या आणखी कुणाची हलवीन, आणि मग त्या तक्त्याला कोण विचारणार? अध्यक्षांच्या सहीची नवी यादी ३१ तारखेच्या आत आली, तर ती मी त्याच दिवशी चढवीन.

तू पोरीसारखं वाढवलंस, म्हणूनच नाही म्हणता येतंय. माझ्यावर रुसलीस तरी पत्र टाक.

उज्ज्वला

कारंजा लाड, २३ डिसेंबर

चि. उज्ज्वला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीन दिवस तुह्या नावानं बोटं मोडली. चौथ्या दिवशी संघाची बैठक बोलवाले लावली अन् उभी राह्यली. सांगतलं सारं. पेरणीआधी निर्णय कळला नाही तर मिल विकते, गिऱ्हाईकही येऊन गेलं, म्हटलं.

मले वाटलं, गेली आपली इज्जत. तेवढ्यात मेहबूबभाई उठला अन् गिऱ्हाईक अकोल्याचंच होतं का, मिशीवाला, असं मले विचारलं. त्याच्याकडंही तोच मानूस येऊन गेला होता! तो नवा रंग मिल विकाले मारला होता, पोरी, अन् मी तो पाहून दोन महिने जळत होती. गिऱ्हाईक त्याले सांगे की भागिरथाबाई स्वस्तात देऊन राह्यली, अन् मले सांगे की मेहबूबभाई देऊन राह्यला. आमी दोघं एका रस्त्यावर समोरासमोर, अन् वर्षभर एकमेकाले सारं झकास हाय म्हणून सांगत होतो. सांगता सांगता त्याचे डोळे भरले, मंग माहेही. मंग सोयाबीनवाला रतनसिंग बोलला, मंग आणखी दोघं. लखीरामभाऊनं आपल्या हातानं विमानतळावर रेघ मारली. नव्या यादीत एकच मागणी हाय, तुरीची. सहीचा कागद आजच्या स्पीड पोस्टानं धाडला.

तू नाही म्हटलं ते बरं केलं. छातीवरचा दगड उतरला.

अशीच खरं बोलत जा, मलेही.
आत्या

नवी दिल्ली, ६ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मिळालं गं! आमचं शिष्टमंडळ मंत्रालयात जाऊन आलं. तक्त्यात बाकी सगळ्यांपुढे तीन-तीन मागण्या, कारंज्यापुढे एकच. अधिकाऱ्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून हे गाव एकच का मागतंय, असं विचारलं म्हणे. पुढच्या हंगामाचा तूर आयातीचा निर्णय मे महिना संपायच्या आत जाहीर करू, असं लेखी पत्र आलंय. नक्कल सोबत जोडली आहे. आता बाबांना मीच सांगणार, तू मध्ये पडू नकोस.

आशीर्वादाची आस आहेच.
उज्ज्वला

कारंजा लाड, १२ फेब्रुवारी

चि. उज्ज्वला हिस, तोंडभरून आशीर्वाद. वि. वि.

नक्कल मेहबूबभाईनं मोठ्यानं वाचली, दोनदा. मे महिना अजून लांब हाय, कागदाचं काय होते ते तेव्हा पाहू. पण काल मी मशीनचा जुना पट्टा काढून नवा टाकला. कामावरल्या रुपाबाईनं त्याले कुंकू लावलं अन् अकराही जणी पाहत उभ्या राह्यल्या. जे विकाचं असते, पोरी, त्याले कोणी नवा पट्टा टाकत नाही.

जीव लावत राहा.
तुही आत्या, भागिरथा