सरोजला आवडेल असा रंग

१७ जानेवारी १९८८, रविवार
ठरलं! सोफा करायचा. काल सरोजचं पत्र आलं — "नरेशची परीक्षा झाली की मार्चअखेर येऊ म्हणते. तोवर त्या वेताच्या खुर्च्या काढा आणि एक बरासा सोफा करून घ्या." चारदा वाचलं. दीड वर्षात 'येऊ' हा शब्द पहिल्यांदाच. इकडे अतिरेक्यांनी बसमधून उतरवून माणसं मारल्याची बातमी ऐकली आणि ती नरेशला घेऊन पुण्याला भावाकडे गेली. दोन महिन्यांसाठी म्हणून!

२३ जानेवारी
शहराला लागूनच्या मनीमाजऱ्याचे सोफेवाले बलबीर सिंग येऊन मापं घेऊन गेले. कापडाच्या नमुन्यांची जाडजूड वही ठेवून गेलेत. "आराम नाल वेखो जी, कोई काहली नहीं." घाई मला आहे, त्यांना काय!

२७ जानेवारी
वही प्रयोगशाळेत नेली. कोणतं कापड किती उजेड परत फेकतं ते यंत्राखाली धरून मोजलं. दिगंबर — विभागात माझ्याखेरीज मराठी माणूस तो एकच — हसत सुटला. "अरे यार, बायकोला विचार! यंत्राला काय विचारतोस?" मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. सोळा वर्षांचा संसार, आणि तिला कोणता रंग आवडतो ते मला ठाऊक नाही. तिच्या साड्या आठवून पाहिल्या. एकच आठवली, तीही तिने बहिणीला देऊन टाकलेली.

३१ जानेवारी
केशरी! गणपतीच्या मखराला ती दरवर्षी केशरी कापडच लावायची. सुचलं एकदाचं.

२ फेब्रुवारी
केशरी म्हटल्यावर बलबीर सिंगांनी चहाचा कप खाली ठेवला. "साब जी, एह रंग रहण दिओ." का? "अज्जकल लोकी रंग वेख के बंदा पछाणदे ने."

मग हळूच म्हणाले, केशरी दिसला की अतिरेक्यांचा माणूस समजतात; त्यांनी स्वतःची केशरी पगडी ट्रंकेत घालून ठेवलीय. पोराच्या लग्नातसुद्धा गुलाबी बांधली. एकीकडे पोलीस, दुसरीकडे बंदूकवाले; दोघांनाही तो रंग लांबून दिसतो. मी ओशाळलो. दहा वर्षं या शहरात राहतो आणि मला केशरी म्हणजे मखर! अक्कल गहाण ठेवली होती.

वही पुन्हा उघडली. ते तासभर बसले. या घरात तासभर कोणी बसल्याला किती महिने झाले, आठवत नाही.

३ फेब्रुवारी
पाच तुकडे कापून पाकिटात घातले, मागे आकडे टाकले, पुण्याला धाडले. "आवडेल त्याचा आकडा कळव."

१४ फेब्रुवारी
उत्तर नाही. सेक्टर ३४ मधल्या टेलिफोन बूथवरून पुण्याला फोन लावला. नरेशने घेतला. "बाबा, मी अभ्यास करतोय. आई मामीबरोबर बाहेर गेलीय." इथे होता तेव्हा हाच पोरगा मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायचा. मी ओरडायचो. आता अस्सल पुणेरी बोलतो! आनंद व्हायला हवा होता. 'पापा' म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

२० फेब्रुवारी
आज बंद. रस्ते ओस. एकट्यापुरताच वरणभात लावला, तोही उरला.

२६ फेब्रुवारी
वेताच्या खुर्च्या देऊन टाकल्या. हॉलमध्ये आता बसायलाच काही नाही. सतरंजीवर बसून लिहितोय. वेडेपणा आहे, कळतं. पण मोकळी खोली पाहिली की वाटतं, कोणीतरी येणार आहे.

बलबीर सिंगांचा निरोप — सांगाडा तयार आहे. रंग सांगा.

४ मार्च
पत्र आलं. रंग निवडलाय!

"चार नंबर घ्या, तपकिरी. इथल्या हॉलमध्ये दुपारचं ऊन थेट येतं, फिकट रंग विटेल. दादाने त्याच्याच बिल्डिंगमध्ये आम्हाला ब्लॉक बघून दिलाय. नरेशची शाळा पुन्हा बदलायला नको. सोफा ट्रकने पाठवा. पाय वेगळे काढायला सांगा, गोणपाटात नीट शिवून घ्या, पावसाआधी पोचू दे."

सोफा कसा यावा ते सगळं लिहिलंय. मी केव्हा यावं, ते नाही.