खाकी अस्तराची गोधडी

आई, काल सभेत मी पुन्हा तेच बोललो. लेकरू अंथरूण ओलं करतं ते भीतीनं, नाहीतर दुखण्यानं. त्याच्या पोटावर तापलेलं हळकुंड टेकवणारा हात औषध देत नाही, गुन्हा करतो! टाळ्या पडल्या. आमच्या घरातलं लेकरू त्या हातापुढं कुणी नेलं होतं, हे मात्र आजवर एकाही व्यासपीठावरून मी सांगितलेलं नाही.

वडील तेव्हा देहूरोडला दारूगोळ्याच्या डेपोत होते. दुपारी कधी लांबून दणका यायचा, मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि तू हातातलं पीठ तसंच ठेवून दाराकडे बघत राहायचीस. वडील घरी आले की मगच पुन्हा पीठ मळायला घ्यायचीस. माझी झोप तिथंच बिघडली असावी. मी नऊ वर्षांचा, धाकटी पाचाची. कधी तिचं अंथरूण ओलं, बहुतेकदा माझंच. दोरीवर गोधडी दिसली की शेजारीण ओरडायची, "काय गं, पवना तुमच्या घरातनं वाहती व्हय?" एकदा तू हसली नाहीस. म्हणालीस, "शनिवारी ज्याची ओली निघंल, त्याला डाग देणाऱ्या म्हातारीकडं नेणार."

शनिवारी मला जाग आली ती ओल्यातच. मी चड्डी बदलली, झोपलेल्या धाकटीला उचलून माझ्या जागी ठेवलं आणि तिच्या कोरड्या गोधडीवर डोळे मिटून पडलो. तू आलीस. दोन्ही गोधड्या तुझ्याच हातच्या. तिच्या गोधडीला तुझ्या लुगड्याचं अस्तर, माझ्या गोधडीला वडिलांच्या जुन्या खाकी शर्टाचं. तिच्या अंगाखालची गोधडी उचलून तू त्या खाकीवरून अंगठा फिरवलास. मी पापण्यांच्या फटीतून बघत होतो. मग तू तिला उठवलंस आणि आम्हा दोघांना घेऊन निघालीस.

म्हातारी निखाऱ्यावर हळकुंड फिरवते आहे. "कुनाला डागायचं, बये? पोराला का पोरीला?" तू माझ्याकडे बघतेस. बराच वेळ बघतेस.

"पोरीला."

"आई, पण ती दादाची गोधडी हाय," धाकटी म्हणते. तू तिचे हात धरतेस.

त्यानंतर माझी गोधडी कधी ओली झाली नाही. तिची रोज होऊ लागली.

आज तुला जाब विचारायचा म्हणून लिहायला बसलो होतो. सगळं कळत असून तिलाच का पुढं केलंस? पण हा कागद मी कुणालाही वाचून दाखवणार नाही. तू "पोरीला" म्हणालीस ना आई, तेव्हा मला बरं वाटलं होतं.