मोरीवरचं अर्धं लिंबू

अण्णा, आज सकाळी फ्रीज पुसायला काढला आणि लिंबांचा डबा हातात आला. घट्ट झाकणाचा, तळाशी कागद घातलेला, प्रत्येक लिंबू कोरडं पुसून ठेवलेलं. सून म्हणाली, आई, तुम्ही लिंबांना जेवढं जपता तेवढं आम्हाला नाही जपत. मी म्हटलं, लिंबं उलट बोलत नाहीत. ती हसली, मीही हसले, आणि पुसायचं सोडून तिथेच स्टुलावर बसून राहिले. तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. इतकी वर्षं एक गोष्ट माझ्या मनात अडकून आहे. शाळेच्या फाटकाशी मी तुम्हाला एक वाक्य बोलले होते, ते मला परत घ्यायचंय. पण सरळ मुद्द्यावर यायचा स्वभाव आईचा, माझा नाही. तेव्हा आधी लिंबांचं.

बुवापाड्यातल्या आपल्या दोन खोल्या, कोपऱ्यात मोरी, आणि मोरीच्या कठड्यावर फुटक्या बशीत कायम एक अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ. तुम्ही केमिकलच्या कंपनीत ऑपरेटर. संध्याकाळी तुमच्या आधी तुमचा वास घरात यायचा, उग्र, घशात बसणारा. साबणाने तो जायचा नाही. प्लांटवरच्या कुणीतरी तुम्हाला लिंबू-मिठाचं सांगितलं आणि तेव्हापासून तुमचं ठरलेलं. आल्या आल्या कुणाशी बोलायचं नाही, मोरीत उकिडवं बसायचं आणि बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, पार कोपरापर्यंत घासायचं. मग ओले तळवे माझ्यापुढे धरायचे. मी वास घेते, डोळे मिटून, हेडबाईंसारखी, आणि निकाल सांगते, पास किंवा नापास. नापास म्हटलं की तुम्ही मान खाली घालून परत मोरीत. मी कितीदा उगाचच नापास केलंय तुम्हाला, तुमचं ते पडलेलं तोंड बघायला. पास झालात की तुमच्या ताटातला पहिला घास मला, वरणभाताचा, वर लिंबू पिळलेला.

आणि ती साल काही टाकायची नाही. आई त्या सालीनेच तांबं-पितळ घासायची, मग पत्र्यावर वाळत घालून कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. भात मोकळा व्हायला दोन थेंब, जुलाब लागले तर मीठ-साखर-लिंबाचं पाणी, एसटीत मळमळलं तर हुंगायला अख्खं लिंबू. आई म्हणायची, आपल्या घरात लिंबाला मेल्यावरही सुट्टी नाही.

मी आठवीत होते. वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला आणि बाईंनी सांगितलं की बक्षीस घ्यायला आईवडिलांपैकी कुणीतरी स्टेजवर यायचं. आईला ताप होता. तुमची पहिली पाळी, तीनला सुटणार, तिथून तुम्ही सायकलने थेट शाळेत. कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी मी फाटकाशी आले तर तुम्ही उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोच, लग्नकार्याचा, पायात कंपनीचे जाड बूट. केस ओले. तुम्ही कंपनीच्या नळावरच आंघोळ उरकली होती. मला बघून तुमचं तोंड असं फुललं, आणि सवयीने तुम्ही दोन्ही तळवे पुढे केलेत. चारचौघांत, फाटकाशी. आणि मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या हाताला वास येतोय. तुम्ही आत नका येऊ."

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही हात नाकाशी नेऊन हुंगलेत, एकदा, परत एकदा, आणि नुसतं म्हणालात, "अजून येतोय?" मग शर्टाच्या खिशातून अर्धं लिंबू काढलंत, तेही चुरगळलेलं, पिळून संपलेलं. त्याच्याकडे बघितलंत, परत खिशात ठेवलंत आणि सायकल वळवलीत. माझ्याबरोबर स्टेजवर बाईच आल्या. रात्रीच्या जेवणाला तुम्ही आईला सांगितलंत की ऐन वेळी ओव्हरटाइम लागला, जमलं नाही. आई तुमच्यावर करवादली, पोरीचं एवढं बक्षीस आणि तुमचं कामच संपत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मी खाली मान घालून जेवत होते.

त्यानंतर लिंबं तुम्हीच आणायला लागलात. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात एक सिंधी आजीबाई भाजी विकायची, तिच्याकडून, पिशवी भरभरून. पातळ सालीचं, हाताला जड लागेल तेच लिंबू घ्यायचं हे तिनेच शिकवलं तुम्हाला. पावसाळ्यात लिंबं उदंड आणि वैशाखात औषधाला सापडत नाहीत, म्हणून टिकवायची कशी तेही तिलाच विचारलंत. "साईं, तेल लगाके रखो, बच्चे जैसा," असं ती कशी म्हणाली ते तुम्ही तिच्याच आवाजात करून दाखवलं होतं. मग रविवारी तुम्ही जमिनीवर फडकं पसरून बसायचात. एकेक लिंबू पुसायचं, तिळाच्या तेलाचं बोट फिरवायचं, पेपरात गुंडाळायचं आणि माठात ठेवायचं. डाग पडलेलं वेगळं काढायचं, एक नासलं की शेजारचं नासवतं. आई वैतागायची, लोणच्यालाही एवढी लागत नाहीत, दुकान काढायचंय का. मला माहीत होतं ती कशाला लागतात. तुम्ही आता दोनदोनदा घासायचात. लिंबाने हात चरचरायचे, बोटांना चिरा पडल्या होत्या. आणि तळवे पुढे करणं थांबलं. माझं ताट तुम्ही वाढून माझ्याकडे सरकवायचात, घास मात्र परत कधी दिला नाहीत. मी तरी कुठे मागितला.

माझ्या लग्नात, बदलापूरच्या हॉलवर, कन्यादानाच्या वेळी भटजींनी तुम्हाला माझ्या ओंजळीखाली हात धरायला सांगितले. वरून पाण्याची धार पडत होती, सगळे बघत होते, आणि तुम्ही माझ्या कानाशी हळूच विचारलंत, "येतोय का गं?" मी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा सांगायला हवं होतं सगळं. पण डोक्यावर अक्षता, समोर अंतरपाट सरलेला, आणि मला रडू फुटलं. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय म्हणून रडते पोर.

पुढे तुम्ही रिटायर झालात, आईला घेऊन बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहायला आलात, फ्रीज घेतलात. माठ गेला, डबा आला, पण संध्याकाळी मोरीत बसून हात घासणं काही सुटलं नाही. आई म्हणायची, आता कुठली कंपनी आणि कसला वास. तुम्ही म्हणायचात, सवय. तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर मी तुमचे शर्ट काढायला बसले. दार लावून घेतलं आणि एकेक शर्ट तोंडाशी धरला. मला तो वास हवा होता, अण्णा, तो उग्र, घशात बसणारा, तुमच्या आधी घरात येणारा. एकाही शर्टाला तो नव्हता. बाही, कॉलर, खिसा, सगळीकडे नुसतं लिंबू. मी इतकी रडले की आई दार ठोठावायला लागली.

हे पत्र टाकणार कुठे? डब्याच्या तळाचा कागद दमट झालाय, तो बदलायचाच होता. हाच घालते. त्याआधी तेवढं एक लिहिते, जे फाटकाशी, मांडवात, कुठेच सांगितलं नाही. तुमच्या कंपनीचे साहेब त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते, त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. तुम्ही आत गेल्या गेल्या त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला असता, आणि तो मला तिच्यासमोर बघायचा नव्हता. वास येत नव्हता. तुम्ही तळवे पुढे केलेत तेव्हा मी घेतला होता की वास. त्या दिवशी तुम्ही पास होतात, अण्णा.