कावळ्याने मागितलेला पेपर

अर्जुनी मोरगाव,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप लीलाबाईंस,

शामकलाचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर लवकर सरळ होत नाही, म्हणून हल्ली कागदावरच वाकते.) तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मोहफुलं वेचायच्या दिवसांत भाऊजींचा खोकला वाढतो, तेव्हा या वर्षी तरी त्यांना पहाटे जंगलात जाऊ देऊ नका. इकडे मी बरी आहे, म्हैस बरी आहे, गुलशनची नागपुरातली नोकरी टिकून आहे. बरं नाही ते फक्त कॅल्क्युलस.

तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं, "काऊन वो शामकला, या वयात कायले कॉलेजात जाऊन राहिली?" तेव्हा रेंज गेली आणि मी सुटले. आता लिहिते. अर्धं तुम्हाला माहीत आहे, पण अर्ध्यातून सांगायला घेतलं की माझंच चुकतं, म्हणून पहिल्यापासून वाचा.

तुमचा भाऊ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये दोनदा नापास झाला आणि कॉलेज सोडून मोटारपंप दुरुस्त करू लागला, हे तुम्ही पाहिलं. पुढचं मी पाहिलं. लग्नानंतर या घरात जे जे बिघडलं, ते त्या पेपरामुळे. रेडिओ बंद पडला, पेपरामुळे. दूध उतू गेलं, तरी हा माणूस नट आवळत म्हणायचा, "तो पेपर निघाला असता, तर आज हे दिवस नसते." (पेपर निघाल्यावर दूध उतू जायचं थांबतं, असं कोणत्या धड्यात आहे ते मी अजून शोधून राहिले.) पुस्तक मात्र त्यांनी देव्हाऱ्याखालच्या फळीवर जपलं. मी घरात येईल तो कागद वाचते, किराण्याच्या पुड्यासुद्धा सोडत नाही, पण त्या पुस्तकाला त्यांच्या हयातीत हात लावला नाही.

मग तो दहावा दिवस. तलावाच्या पाळीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर ती पुरी करण्याचा शब्द कुणीतरी द्यावा लागतो. धाकट्या दिरांनी, खुशालभाऊजींनी शब्द दिला, "दादा, शेताच्या बांधाचं, धुऱ्याचं भांडण मिटवतो." कावळा बाभळीवर बसून पंख खाजवत राहिला. गुलशन म्हणाला, आईला एकटं पडू देणार नाही. कावळ्याने पाठच फिरवली. (गुलशनला तो आधीपासून ओळखत असावा.) ऊन चढलं. लोक पोटावर हात ठेवून उभे. मी त्या दहा दिवसांत इतकी थकले होते की माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "बरं, तुमचा तो पेपर मी काढते. आता तरी या." आणि कावळा फडफडत खाली आला, आणि खाऊ लागला.

सगळं गाव माझ्याकडे पाहून राहिलं. माणसाला दिलेला शब्द मागे घेता येतो, कावळ्याला दिलेला कसा घेणार? त्याचा पत्ता कुठे आहे?

लग्नाआधी केलेली बारावी सायन्स उपयोगी पडली. पण दुसऱ्या वर्षाच्या पेपराला बसायचं तर पहिल्या वर्षाचा आधी काढावा लागतो. तो तुमच्या भावाने काढला होता. ऑफिसातला बाबू म्हणाला, नवऱ्याचे मार्क बायकोला लागत नाहीत. (जमीन लागते, आडनाव लागतं, मार्क लागत नाहीत.) म्हणून एक वर्ष पहिल्यात गेलं. ते निघालं. मग दुसऱ्यात बसले आणि मागच्या साली नापास झाले. आता आणखी एकदा झाले, की तुमच्या भावाची आणि माझी बरोबरी.

रविवारी गोंदियाला वर्ग असतो. पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला, "आंटीजी, पेरेंट्स मीटिंग आज नहीं है." शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडम आपल्या गुलशनएवढ्या, जीव तोडून शिकवतात. त्यांनी सांगितलं, एक राशी शून्याच्या जवळ जवळ जाते, पण शून्य होत नाही. काकू, समजलं? मी म्हटलं, तीन वर्षांपासून समजून राहिलं. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, पुढचं उदाहरण मात्र त्यांनी सोपं घेतलं. पुढच्या धड्यात आलं, बाकी सगळं स्थिर धरायचं आणि एकच चल हलू द्यायचा. बाई, आपल्या घरात हे कुणाला जमलं? एकाला स्थिर धरावं तर दुसरा हलतो, आणि तुमचा भाऊ तर निघूनच गेला.

दुहेरी संकलनाने ढिगाचं आकारमान निघतं. मला वाटलं, हे तर घरचंच काम. दिवाळीनंतर खळ्यावर कापलेल्या धानाचा पुंजना रचला होता, त्याच्याभोवती मी टेप घेऊन फिरले. शेजारच्या बकारामने धुऱ्यावरून आरडाओरडा केला, "काऊन वो वैनी, पुंजना विकून राहिली का त्याला मंतर मारून राहिली?" मी सोडवलं. माझ्या उत्तराप्रमाणे त्या एका पुंजन्यात तुमचा सारा सालेकसा तालुका जेवेल एवढं धान निघालं. बकारामने ते गावभर केलं. संध्याकाळी खुशालभाऊजी पोतं घेऊन वाट्याला हजर. (धुऱ्याचं भांडण अजून आहे.) मळणीत धान निघालं नेहमीएवढंच. मॅडमनी वहीतली आकृती पाहून सांगितलं, काकू, उंची घेताना तुम्ही पुंजन्याऐवजी खळ्यातलं बाभळीचं झाड मोजलं.

थकले बाई. चष्मा ओला होतो, पुसते, पुन्हा तेच गणित समोर. तरी त्यांच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने जिथे जिथे प्रश्नचिन्ह आहे, तिथे तिथे मीही अडते. तेवढीच सोबत.

भाऊजींना नमस्कार.

तुमची,
शामकला

ता. क. पेपर नेमका त्यांच्या तिथीच्या दिवशी आला आहे. खुशालभाऊजी म्हणतात, पेपर सोड. गुलशन म्हणतो, तिथी सोड. मी दोन्ही सोडणार नाही. तुम्ही आदल्या दिवशी या. स्वयंपाक करा आणि पान बाहेर ठेवा. मी सकाळच्या गाडीने गोंदियाला जाते.

ता. क. दुसरा. गुडघ्याचं कारण सांगू नका. त्या दिवशी पाळीवर मी बोलत असताना तुम्ही माझ्यामागून पदरातली शेव कावळ्याकडे फेकलीत, ते मी तेव्हाच पाहिलं. कुणाला सांगितलं नाही. म्हणजे निम्मा शब्द तुमचाही आहे. पण बाई, कावळा शेवेने आला असला, तरी ऐकलं ते तुमच्या भावानेच, असं मी धरून चालते. या विषयात प्रत्येक गणिताची सुरुवात 'समजा' म्हणूनच होते.

ता. क. तिसरा. शेव त्याच दुकानातली आणा.