ज्वारीतले दोन डबे

बाबा,

आईनं आजपासून शेतातल्या माळ्यावर, त्या उंच मचाणावर, चढणं सोडलं. तुम्ही आता नसलात तरी हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहिते आहे. गेल्या वर्षी ज्वारीतली पाखरं राखताना ती माळ्यावरून पडली, खुब्यात लोखंड बसवावं लागलं, आणि तरी यंदा दाणा भरल्याबरोबर गोफण घेऊन पुन्हा वर. मी रागावले. तर म्हणते, पाखरं काय तुझ्या शाळेतली पोरं आहेत, डोळे वटारले की गप बसायला?

मग मी रिमोट करायला घेतला. शेताच्या दोन टोकांना पत्र्याचे डबे टांगले, प्रत्येकाशेजारी एक सर्वो मोटर. सांगितल्या कोनापर्यंत वळून थांबणारी लहानशी मोटर असते ती. तिच्या दांडीला जड बोल्ट. आईनं आखाड्यावरच्या खोपटाच्या सावलीत बाजेवर बसून बटण दाबायचं, बोल्ट डब्यावर आपटायचा. आकृती मी वहीत स्वच्छ काढली, तिच्याबरहुकूम जोडणी केली. दांडी नुसती थरथरत राहिली. तीन दिवस तेच. आई बाजेवरून म्हणाली, "काहून थरथरून राहिलं ते? हीव भरलं का त्याला?" आणि तिनं गोफण उचलली.

तेव्हा तुमचं कनेरगाव नाक्यावरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवलं. कॉलेजला सुट्टी आहे. पदवीच्या तोऱ्यात मी एक रेडिओ जुळवते आहे आणि तो खरखरतो आहे. तुम्ही माझी वही सरकवता आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणता, "अर्थिंगची खूण चार जागी काढलीस, माय. कागदावर त्या आपोआप एक होतात. टेबलावर तार लागते." त्या सुट्टीत मी पुन्हा दुकानात पाय ठेवला नाही.

मी मोटरखालचं खोकं उघडलं. बटणाचा इशारा झेलणाऱ्या रिसीव्हरची बॅटरी वेगळी, मोटरची वेगळी. दोन्हींच्या ऋण टोकांना वहीत तीच खूण, आणि मध्ये तार नाही. साठी ओलांडल्यावर तीच चूक. दोन्ही खोक्यांत वीतभर काळी तार जोडली. डबा असा वाजला की पोपटांचा अख्खा थवा उठला. आई बराच वेळ बटण दाबत राहिली, मग म्हणाली, "बराबर हाय." मी आखाड्यामागे जाऊन जरा उभी राहिले. वर्षभराची धास्ती उतरली होती.

हे कुठं शिकलीस, असं तिनं विचारलं. कॉलेजात, म्हणाले. अजून खरं सांगितलेलं नाही, आणि हा कागदही वहीतच राहील.

आईला दिलं: रिमोट एक, जादा सेल चार, काळी तार हातभर. आईनं दिली: माळ्याची शिडी.