विहिरीकडचे तीस गुंठे

हा कागद मी तीन महिने टाळला. कधी पेन सापडलं नाही, कधी मेंढरं पांगली, आणि एकदा ‘मी’ एवढंच लिहून मी म्हणजे नक्की कोण, यातच दुपार गेली.

तर मी, मल्हार आकाराम गळवे, वय पंचवीस, धंदा ठरायचा आहे, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. माझे चुलते गुंडाकाका यांना शंका आहे, पण साक्षीदार तेच आहेत. आजार काही नाही. मृत्युपत्राआधी म्हातारं व्हावंच लागतं, असं कुणी ठरवलं?

१. कोइम्बतूरला गलाईच्या दुकानात मी दोन वर्षं जुनं सोनं वितळवलं. शेठ म्हणायचे, दागिना बघून किंमत सांगू नकोस, आधी वितळव. मुशीत नथ काय आणि बांगडी काय, एकच. तेव्हापासून मला प्रत्येक गोष्ट ‘का’ विचारून वितळवून बघायची खोड लागली. नंतर महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी तोडल्या, त्या आंबट होत्या, पण तो विषय इथं नाही. तिथून आणलेली, म्हणजे कोइम्बतूरहून आणलेली मूस माझा मित्र सिद्धू याला द्यावी. तो कधीच कुणाला ‘का’ विचारत नाही.

२. मोटारसायकल गुंडाकाकांना. तिला ब्रेक आहेत असं त्यांनी गृहीत धरू नये.

३. वडील गेल्यावर एक एकर वीस गुंठे जमीन माझ्या एकट्याच्या नावावर झाली. बहीण सोनम हिनं हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली, मी तिला साडी घेतली, जेवणं झाली. असंच असतं, असं सगळे म्हणाले. गावभर ‘का’ विचारत फिरणारा मी, त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. याची लाज वाटते.

तीन महिन्यांपूर्वी तिला सासरी पलूसला फोन केला, म्हटलं, अर्धी तुझी. ती भडकली. “साडी नेसून झाली माजी! आता वाटा घेतला तर म्हायेर तुटंल. पुन्ना बोलू नगंस.” तेव्हापासून अबोला आहे. भावानं सगळं घेतलं तर माहेर टिकतं आणि बहिणीनं अर्धं घेतलं की तुटतं, हे कुठलं वजन-माप? म्हणून माझ्या पश्चात विहिरीकडचे तीस गुंठे सोनमचे. उरलेले आईचे. मेलेल्या भावाशी ती भांडणार कशी?

इथवर आईला वाचून दाखवलं. आई, अंबूबाई, शाळेची पायरी चढलेली नाही. भाकरी थापत म्हणाली, “व्हय रं, तुला मरायला अजून पन्नास वर्सं हायत. तवर काय ती तुज्या मरनाची वाट बगत बसंल?”

गुंडाकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, “घे गड्या! आता ह्येबी वितळव की!”

मेल्यावरच द्यायचं असतं, हे मी न विचारताच धरून चाललो होतो.

सबब कलम तीन रद्द. तीस गुंठे मी जिवंत असतानाच द्यायचे. ती घेईल का, ते माहीत नाही.

साक्षीदार: १) गुंडा तातोबा गळवे २) बाळासो मोटे
स्थळ: राहतं घर
दिनांक: २३ फेब्रुवारी २०२५
सही:

सही राहिली. सोनम आली आहे! मल्हार मृत्युपत्र लिहितोय, एवढंच तिच्या कानावर गेलं, तर पलूसहून एकटी स्कूटी मारत आली. डोळे लाल. “कुटं दुकतंय तुला?” कुठंच नाही म्हटल्यावर चप्पल काढली. आईनं मध्ये पडून तिलाही तोच सवाल टाकला, “त्याच्या मरायची वाट बगतीस का आत्ताच घेतीस?” सोनम रडता रडता हसायला लागली. आता ती ओट्यावर बसून म्हणतेय, “आदी वाढा, लय भूक लागलीया. मग दाव रं, कुटनं कुटवर माजं ते.”