पाणी उकळून दे

३ मार्च १९८६, लातूर
आज प्रात्यक्षिकात सगळ्याच पोरांना क्लोराइड सापडलं! क्षार वेगवेगळे, उत्तर एकच. नळ्या टँकरच्या खाऱ्या पाण्याने धुतलेल्या — तपासणीचा थेंब टाकला की पांढरा गाळ येणारच. जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू आहे आणि कॉलेजात डिस्टिल्ड वॉटर नाही. शिपाई रामकिशन म्हणतो, "सर, प्यायलाच न्हाई, तुमच्या नळ्यांना कुठून आणू?" खूप हसलो.

घरी हसू येत नाही. लेक उमा पहिल्या बाळंतपणाला आलेली. बाळ सव्वा महिन्याचं, तिचं दूध त्याला पुरत नाही. नळाला बारा-बारा दिवस पाणी नाही.

५ मार्च
व्याही महादेवप्पा उदगीरकडून आले. "आमच्या हिरीला पाणी हाय. लेकीला धाडा." बाळाला पाचवा महिना लागल्याशिवाय लेक सासरी पाठवायची नाही, अशी आमची रीत. उमाची आई कमलम्मा रडली. पाठवायचा हट्ट मीच धरला. त्यांनी आणलेलं बाटलीभर पाणी मी तपासलं — क्लोराइड नावाला. गोड पाणी! उमाला बजावलं, "भुकटीचं दूध कर, पण पाणी चांगलं खळखळ उकळून दे."

२१ मार्च
तार आली. बाळ निळं पडतंय. ओठ, नखं. निघतो.

२३ मार्च
गेलं. पुरून आलो. एवढासा खड्डा.

३० मार्च
परवा उमाला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले होते, हृदयात दोष असावा. आज ती आईला सांगत होती, "सुई टोचली तर रक्त तपकिरी आलं गं." मी दारातच थांबलो. नायट्रेट! पाण्यातलं नायट्रेट तान्ह्याचं रक्त असं करतं, हे मी कधीकाळी वाचलं होतं. पुरायला गेलो तेव्हा पाहिलंच की — दुष्काळात चाऱ्यासाठी आणलेली गावची गुरं व्याह्यांच्या विहिरीभोवती बांधलेली, शेण-मूत तिथेच मुरतंय. आणि मी तपासलं काय, तर क्लोराइड. मोठा शहाणा!

३१ मार्च
उमाच्या फिरकीच्या तांब्यात तिथलं पाणी उरलं होतं. ते कॉलेजात नेलं. फेरस सल्फेट घातलं, नळीच्या कडेने हळूच आम्ल सोडलं. नायट्रेट असेल तर तपकिरी कडं धरतं. दिसल्यासारखं वाटलं, पण खात्री होईना. मग पोरांना शिकवतो तसंच केलं — पाणी उकळून पाव भागावर आटवलं. पुन्हा आम्ल.

कडं आलं. जाड, स्पष्ट.

उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी उडतं, ते दाट होतं. हे मी वीस वर्षं शिकवतोय.

महादेवप्पांना तार केली — तान्ह्या लेकरांना ते पाणी देऊ नका.

२ एप्रिल
उमा आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "अप्पा, मी उकळायला कमी पडले का?"

"नाही," म्हणालो.